ग्रूट कॉन्स्टॅन्शिया : केपच्या गोड वाइनचं मूळ ठिकाण

दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनच्या दक्षिणेला, टेबल माउंटनच्या पाठीमागच्या उतारांवर ग्रूट कॉन्स्टॅन्शियाचे द्राक्षमळे आहेत. ग्रॅनाइट झिजून झालेली माती आणि उन्हाळ्यातही फॉल्स बे या उपसागरावरून येणारा गार वारा, त्यामुळे घड सावकाश पिकतात.

1685 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा केपमधला कमांडर सायमन व्हान डर स्टेल याला ही सुमारे 760 हेक्टर जमीन मिळाली. ती देणारा होता तपासणीवर आलेला आयुक्त हेन्ड्रिक व्हान रीड. हा माणूस आपल्याला अगदीच परका नाही. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ त्यानेच करवून घेतला. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोकणी वैद्यांचं देवनागरीतलं प्रमाणपत्र त्यात छापलं आहे. केपनंतर तो हिंदुस्थानात आला, 1691 मध्ये सुरतेच्या वाटेवर जहाजावरच वारला. कबर सुरतेत आहे.

1712 मध्ये व्हान डर स्टेल गेला आणि जमिनीचे तीन तुकडे झाले. खरी भरभराट झाली ती 1778 मध्ये हेन्ड्रिक क्लुटेने मूळ वाडा असलेला भाग विकत घेतल्यावर. वेलीवरच सुकत आलेल्या मस्कत द्राक्षांची त्याची गोड वाइन युरोपच्या दरबारांत पोचली. सेंट हेलेनावर कैदेत असलेल्या नेपोलियनलाही ती जात असे. 1791 च्या तळघराच्या दर्शनी त्रिकोणावर देवांचा मद्यवाढपी गॅनिमीड आणि त्याच्याभोवती गुटगुटीत बाळं कोरली आहेत. छाटणी, काढणी, रस गाळणं ही कामं मात्र गुलामांच्या माथी होती. केपमधल्या गुलामांत मलबार, बंगाल, कोरोमंडलहून धरून नेलेलेही पुष्कळ होते. वाइनची कीर्ती सांगताना हा भाग उरकून टाकायची रीत मला तरी पटत नाही. गुलामगिरी कायद्याने संपली 1834 मध्ये, पण ‘उमेदवारी’च्या, म्हणजे जुन्या मालकाकडेच शिकाऊ म्हणून राबण्याच्या, नावाखाली सक्ती आणखी चार वर्षं चालली.

पुढे दोन तडाखे लागोपाठ बसले. 1859 पासून वेलींवर भुरी ही बुरशी आली (नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला तिचा प्रताप सांगायला नको) आणि 1861 मध्ये ब्रिटनने केपच्या वाइनची जकातीतली सवलत काढून घेतली. अखेर 1885 मध्ये केप सरकारने मळा घेतला आणि तिथे द्राक्षशेतीचे प्रयोग सुरू केले. 1925 मध्ये वाडा आगीत जळाला. नंतर तो पूर्वीसारखा बांधला. 1993 पासून कारभार ट्रस्टकडे आहे. जुन्या धर्तीची गोड वाइन मात्र आधी शेजारच्या क्लाइन कॉन्स्टॅन्शिया या मळ्याने पुन्हा काढली, 1986 च्या द्राक्षांपासून.