‘पेक्षा जास्त’ आणि ‘किमान तेवढे’: पी-व्हॅल्यूतली एका रेघेची चूक

पी-व्हॅल्यू म्हणजे, सगळा निव्वळ योगायोग असेल (हेच ‘शून्य गृहीतक’) तर हाती आलेल्या निकालाइतका किंवा त्याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता. ती शून्य गृहीतक खरे असण्याची शक्यता नव्हे, हे वाचकाला ठाऊक आहे असे धरतो; त्यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. मला वीट आला आहे तो पाठ्यपुस्तकांतल्या सिम्युलेशनमध्ये (तोच प्रयोग संगणकावर निव्वळ योगायोगाने हजारो वेळा करून पाहण्यात) दिसणाऱ्या दुसऱ्याच गोंधळाचा: हाती आलेल्या निकाला‘पेक्षा जास्त’ मोजायचे, की ‘किमान तेवढे’?

संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९३५ साली मांडलेला चहाचा प्रयोग घ्या. आठ कप, त्यांपैकी चारांत दूध आधी ओतलेले. दूध आधी ओतले की चहा, हे आपल्याला कळते म्हणणाऱ्या एका बाईंनी ते चार कोणते, हे चवीवरून सांगायचे. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार होतात. त्यांत चारही बरोबर येण्याचा एकच आणि नेमके तीन बरोबर येण्याचे १६.

समजा, बाईंनी तीन ओळखले. निव्वळ अंदाजाने किमान तीन जमण्याची शक्यता १७/७०, म्हणजे ०.२४३ असते, एवढ्यावर त्यांच्या जिभेला दाद देता येत नाही. सिम्युलेशनच्या १०,००० फेऱ्यांतही सुमारे २,४३० वेळा तीन किंवा चार येतात. पण प्रोग्राममध्ये ‘मोठे’ या चिन्हाखालची आडवी रेघ राहून गेली, की चार आलेल्या सुमारे १४३ फेऱ्याच मोजल्या जातात, पी-व्हॅल्यू ०.०१४ वर येते आणि साधा अंदाज ‘लक्षणीय’, म्हणजे योगायोगाने सहसा न येणारा, ठरतो. चारही ओळखले असते, तर त्याच प्रोग्रामने शून्य छापले असते, जे अशक्य आहे.

दहावीला ३५ गुणांवर काठावर पास होणाऱ्याला कोणी नापास म्हणत नाही. इथे मात्र नेमका काठावरचाच निकाल गळतो. उंची-वजनासारख्या सलग मापांत बरोबरी क्वचित होत असल्याने चूक खपून जाते. मोजदादीच्या आकड्यांत ती अंगाशी येते.

शुद्धिपत्रात केवळ छापील उत्तर बदलून प्रोग्रामची ओळ तशीच ठेवणाऱ्यांची मला विशेष चीड आहे. रेघ घालावीच, शिवाय मूळ निरीक्षण हीदेखील एक फेरी मानून अंश (मोजलेल्या फेऱ्या) आणि छेद (एकूण फेऱ्या) या दोहोंत एक मिळवावा, हे मला अधिक पटते. मग शून्य येतच नाही. दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना असेल, तर संगणकाच्या शेवटच्या दशांशांतल्या फरकाने बरोबरी पुन्हा हुकते, म्हणून दोन्ही गटांची संख्या ठरलेली असताना सरासऱ्यांऐवजी एका गटाच्या पूर्णांकी बेरजा ताडून पाहाव्यात.