तीन राजे कुठे लिहिलेत? नाताळच्या प्रश्नमंजुषेची पार्श्वभूमी

नाताळच्या मेळाव्यात प्रश्नमंजुषा सुरू झाली की एक प्रश्न हमखास येतो : तारा पाहून बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून किती ज्ञानी पुरुष आले? सगळे एका सुरात ओरडतात, ‘तीन!’ आणि विचारणारा गालातल्या गालात हसतो. बायबलमध्ये आकडाच नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात मागी लोक पूर्वेकडून आले एवढंच म्हटलंय. सोनं, ऊद आणि गंधरस या भेटी तीन, म्हणून आणणारेही तीन, हा हिशेब नंतरच्यांनी मांडला. ते राजे होते असंही मत्तय म्हणत नाही. गास्पार, मेल्किओर, बाल्थाझार ही नावं तर आणखी पुढची.

गव्हाणीतल्या देखाव्याचंही तेच. लूकने आपल्या शुभवर्तमानात लिहिलंय की उतारशाळेत जागा नव्हती म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवलं. त्यांना परतवून लावणारा उतारशाळेचा मालक, जो दरवर्षी शाळेच्या नाटकात एखाद्या दांडग्या मुलाच्या वाट्याला येतो, तो लूकच्या पानावर कुठेच नाही. बैल आणि गाढवही नाहीत. ते आले यशया संदेष्ट्याच्या एका ओळीतून : बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपल्या धन्याची गव्हाण ओळखतो. चित्रकारांनी त्यांना बाळाशेजारी आणून उभं केलं आणि 1223 साली असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्यो गावी खरोखरचा बैल, खरोखरचं गाढव आणि गवत भरलेली गव्हाण मांडून नाताळची प्रार्थना केली. तेव्हापासून त्या दोघांना तिथून हलवणं कुणाला जमलेलं नाही.

म्हणजे आपल्याला पाठ असलेलं उत्तर बरेचदा मध्येच कुणीतरी घातलेलं असतं. नाताळच्या प्रश्नांची खरी मजा ते कुणी घातलं आणि कधी, हे शोधण्यात आहे.

खुद्द डिसेंबरात जमून एकमेकांना कोडी घालण्याचा खेळ तर नाताळपेक्षाही जुना निघतो. रोमन लोकांचा सॅटर्नेलिया हा सण 17 डिसेंबरला सुरू व्हायचा. खाणंपिणं, भेटी, मालक-गुलामांची थट्टामस्करी, सगळं त्यात. पहिल्या शतकात मार्शल या कवीने या सणातल्या भेटींसोबत द्यायला दोन-दोन ओळींच्या चुटकेदार कविता रचल्या. पुढे सिम्फोसियस नावाच्या कवीने तीन-तीन ओळींची 100 कोडी लिहून ठेवली. प्रस्तावनेत तो सांगतो की सॅटर्नेलियाच्या मेजवानीत, प्यायला बसलेली मंडळी आळीपाळीने कोडी घालत होती, त्यातून ही सुचली. त्यातलं माझं आवडतं कोडं साधारण असं : घर गातं, आतला पाहुणा मुका, तरी दोघंही बरोबरीने धावतात. उत्तर : नदी आणि मासा. पाचव्या शतकातल्या मॅक्रोबियसने याच सणाच्या पंगतीतल्या गप्पांचा ग्रंथ लिहिला, आणि त्यात आधी कोंबडी की आधी अंडं यावर गंभीर चर्चा आहे.

मग 25 डिसेंबर कुठून आला? शुभवर्तमानांत तारीख नाही. 354 साली रोममध्ये तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात 25 डिसेंबरपुढे ख्रिस्तजन्माची नोंद सापडते, आणि ती यादी मुळात 336 च्या सुमाराची असावी असं अभ्यासक मानतात. त्याच संग्रहात दुसरीकडे त्याच तारखेला ‘अजिंक्याचा जन्मदिन’ असंही आहे. हा अजिंक्य म्हणजे सूर्यदेव, असा अर्थ सहसा लावतात. चर्चने सूर्याचा सण उचलला, हा एक तर्क. दुसरा तर्क सरळ मोजणीचा : मरियेला गर्भधारणा 25 मार्चला झाली असं धरलं की नऊ महिन्यांनी 25 डिसेंबर येतो. ‘सूर्यपूजकांकडून चोरलेली तारीख’ असं उत्तर मंजुषेत ठासून देतात, तेव्हा मी हात वर करतो. वाद मिटलेला नाही. रशियासारख्या देशात नाताळ 7 जानेवारीला का, हे उत्तर मात्र पक्कं : तिथलं चर्च अजून जुनं ज्युलियन पंचांग पाळतं आणि ते सध्या आपल्या नेहमीच्या कॅलेंडरच्या 13 दिवस मागे आहे.

जाता जाता, आपला ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या जन्मवाचक शब्दात. 1497 च्या नाताळात वास्को द गामाची गलबतं आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्याजवळून गेली, त्याचंही नाव त्याने नाताळच ठेवलं. मराठी मंडळींसाठी याहून नेमका प्रश्न मला अजून सापडलेला नाही.

मधली काही शतकं झपाट्याने ओलांडू. एवढंच सांगतो, की हा सण एकेकाळी बेकायदा होता. इंग्लंडच्या पार्लमेंटने 1647 साली तो रद्द केला, आणि 1660 मध्ये राजेशाही परत येईपर्यंत तो रद्दच राहिला. मॅसॅच्युसेट्स वसाहतीत 1659 पासून 1681 पर्यंत नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. बंदी घालणारे नास्तिक नव्हते, कट्टर ख्रिस्तीच होते. बायबलमध्ये नाही ते पाळायचं नाही, हा त्यांचा आग्रह.

मंजुषेत विचारलं जाणारं बाकी जवळजवळ सगळं एकोणिसाव्या शतकात घडलं. 23 डिसेंबर 1823 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात एक निनावी कविता छापून आली. सांताच्या गाडीला आठ रेनडिअर जुंपले ते तिथे, नावानिशी. पुढे क्लेमेंट क्लार्क मूर यांनी ती आपली म्हणून सांगितली. ती दुसऱ्याच कुणाची असावी असं म्हणणारेही आहेत. ही कविता बारकाईने वाचली तर एक गोष्ट लक्षात येते : तिच्यातला सांता बुटका आहे, त्याची गाडीही चिमुकली, रेनडिअरही चिमुकले. धुराड्यातून तो आत कसा शिरतो, या प्रश्नाचं उत्तर कवीने आधीच देऊन ठेवलं होतं. पुढच्या चित्रकारांनी त्याला धिप्पाड केला आणि कोडं तयार झालं. नववा रेनडिअर, लाल नाकाचा रुडॉल्फ, थेट 1939 चा. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड कंपनीने गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटायला रॉबर्ट मे या आपल्या नोकराकडून ती गोष्ट लिहून घेतली. म्हणून ‘रेनडिअर किती?’ असा प्रश्न विचारू नये. आठवाले आणि नऊवाले दोघंही बरोबर असतात आणि भांडण विचारणाऱ्याच्या गळ्यात पडतं. मी हे एकदा भोगलंय.

1843 हे वर्ष तर एकट्याने एक फेरी भरून काढेल. त्या वर्षी लंडनमध्ये हेन्री कोल यांनी पहिलं नाताळचं शुभेच्छापत्र छापून घेतलं आणि चित्रात लहान मूल वाईन पिताना दिसतं म्हणून दारूबंदीवाले खवळले. त्याच डिसेंबरात चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’, म्हणजे नाताळावर चिडणाऱ्या कंजूष स्क्रूजची कथा आली. तिच्यात स्क्रूजचा भाचा पाहुण्यांबरोबर ‘हो की नाही’ हा खेळ खेळतो. त्याने मनात काहीतरी धरायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, त्याने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. प्राणी आहे? हो. गुरगुरतो? हो. लंडनमध्ये राहतो? हो. गाढव? नाही. वाघ? नाही. शेवटी एक मेहुणी हसत ओरडते : स्क्रूजमामा! नाताळच्या रात्री दिवाणखान्यात खेळली जाणारी प्रश्नोत्तरं छापील पानावर इतकी जिवंत मी दुसरीकडे वाचलेली नाहीत.

त्याच दशकात टॉम स्मिथ या लंडनच्या मिठाईवाल्याने कागदात गुंडाळलेल्या गोळ्या विकायला काढल्या. दोन टोकांनी ओढला की फट्ट आवाज करणारा क्रॅकर त्यातूनच निघाला. आत सुरुवातीला प्रेमाच्या ओळींची चिठ्ठी असे. पुढे तिची जागा कोडी आणि विनोदांनी घेतली. मार्शलच्या दोन ओळींची भेट अठराशे वर्षांनी अशी पुन्हा टेबलावर आली. दोघांचा काही संबंध नाही, पण मला ते सारखं आठवतं.

आणि मग अभ्यासाची परीक्षाच नाताळला जोडणारे लोक. आइल ऑफ मॅन बेटावरच्या किंग विल्यम्स कॉलेज या शाळेत 1904-05 पासून नाताळच्या सुट्टीआधी सामान्यज्ञानाचा एक भयंकर पेपर दिला जातो : 18 गट, प्रत्येकात 10 प्रश्न. पूर्वी मुलं तो आधी काहीही न बघता सोडवायची, मग पेपर घरी न्यायची, सुट्टीभर उत्तरं शोधायची आणि परत आल्यावर पुन्हा परीक्षेला बसायची. पेपरवरचं लॅटिन बोधवाक्य सांगतं की एखादी गोष्ट कुठे सापडेल हे ठाऊक असणं हाच विद्वत्तेचा मोठा भाग. 1951 पासून हा पेपर गार्डियनमध्ये छापून येतो आणि घरोघरची माणसं सुट्टीत त्यावर डोकं फोडतात.

आजची पद्धत, म्हणजे पत्ते काढून फटाफट प्रश्न विचारण्याची, 1979 साली माँट्रियलमध्ये सुचलेल्या ट्रिव्हियल पर्सूट या खेळाने पसरवली. त्याच्या मागे एक खटला आहे. फ्रेड वर्थ नावाच्या लेखकाने आपल्या माहितीकोशात मुद्दाम एक खोटी नोंद पेरली होती : टीव्हीवरच्या कोलंबो या गुप्तहेराचं पाळण्यातलं नाव फिलिप. ते नाव या खेळात उत्तर म्हणून छापलं गेलं. वर्थने खटला भरला आणि हरला, कारण माहितीवर मालकी सांगता येत नाही.

नाताळच्या प्रश्नांतही असे बरेच फिलिप फिरतात. सांताला लाल कोट कोका-कोलाने चढवला, हा त्यातला सर्वांत लाडका. कंपनीच्या जाहिराती 1931 पासूनच्या, हॅडन संडब्लॉम यांच्या. पण लाल कोटातला सांता त्याआधी कित्येक वर्षं मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकत होता. दुसरा फिलिप ‘सायलेंट नाइट’ या नाताळगीताचा. ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फला 1818 च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी ते गिटारवर पहिल्यांदा गायलं गेलं, हे खरं. ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला म्हणून घाईघाईत लिहिलं, हे नंतर जोडलेलं. योसेफ मोर यांनी ते शब्द 1816 मध्येच लिहिले होते. त्यांच्या हस्ताक्षरातली प्रत 1995 साली उजेडात आली.

शेवटच्या फेरीसाठी मी नेहमी हा राखून ठेवतो : अंतराळात वाजवलेलं पहिलं गाणं कोणतं? 16 डिसेंबर 1965 रोजी जेमिनी 6 या अमेरिकी अंतराळयानातून वॉली शिरा आणि टॉम स्टॅफर्ड यांनी जमिनीवर कळवलं की एक यान उत्तरेकडून दक्षिणेकडे खूप खालून चाललंय. पाठोपाठ आवाज आला तो हार्मोनिकाचा आणि घुंगरांचा : ‘जिंगल बेल्स’. जेम्स पिअरपाँट यांनी 1857 मध्ये छापलेल्या या गाण्यात नाताळचा साधा उल्लेखसुद्धा नाही. बर्फावरून भरधाव जाणारी गाडी आहे, शेजारी बसलेली मुलगी आहे आणि गाडी उलटते. तो हार्मोनिका आणि ते घुंगरू आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत.