एकच फवारा, तोही खालून: खणाच्या डिशवॉशरमध्ये भांडी रचताना

समोर दार असलेल्या डिशवॉशरमध्ये पाणी दोन-तीन जागांहून उडतं. तळाशी एक फिरता स्प्रे आर्म (पाणी उडवणारी भोकांची दांडी), मधल्या रॅकखाली दुसरा, काही यंत्रांत छताजवळ तिसरा. खणासारखा बाहेर ओढायच्या डिशवॉशरमध्ये एका खणाला स्प्रे आर्म एकच, तोही तळाशी. न्यूझीलंडच्या फिशर अँड पायकल कंपनीनं १९९७ साली असं यंत्र बाजारात आणलं. त्याची मूळ रचना अशी: खण म्हणजे एक छोटी टाकी, तळाशी पंप आणि स्प्रे आर्म, त्यावर भांड्यांची जाळी, आणि खण आत गेला की टाकीच्या काठावर घट्ट बसणारं झाकण. दार असलेल्या यंत्रात भांडी रचण्याची सवय इथे जशीच्या तशी आणली की निम्मी भांडी खरकटी निघतात आणि दोष साबणाला लागतो.

स्प्रे आर्मच्या भोकांतून पाणी तिरकं सुटतं. त्याच्याच धक्क्यानं आर्म उलट्या बाजूला ढकलला जाऊन फिरतो, त्याला वेगळी मोटर लागत नाही. सुटलेली धार साधारण सरळ रेषेत वर जाते, वाटेत पहिलं भांडं आलं की त्यावर आपटते आणि तिचा जोर तिथेच संपतो. त्या भांड्यामागे सावली पडते. काही धारा झाकणापर्यंत पोचतात आणि तिथून थेंबांच्या रूपात खाली येतात. या परतीच्या पाण्यानं भांडं भिजतं, सुटलेला कण वाहून जातो, पण चिकटलेला थर निघत नाही. तो थेट धारेनंच निघतो.

म्हणून खण भरून झाला की सरळ वरून आत पाहा. भांड्यांच्या मधून जाळीचा तळ आणि खालचा स्प्रे आर्म बऱ्याच जागी दिसला, तर पाण्याला वर यायला वाट आहे. नुसती भांडीच दिसत असतील तर दोन-तीन काढा. खण पूर्ण बाहेर येत असल्यानं ही तपासणी पाच सेकंदांत होते.

धुलाईचं गणित मांडताना हर्बर्ट झिनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचं वर्तुळ आजही वापरलं जातं. १९५९ सालच्या त्या मांडणीत स्वच्छतेचे चार वाटेकरी आहेत: रसायन, तापमान, वेळ आणि घासण्याचा जोर. एक कमी पडला तर दुसरा वाढवून भरपाई होते. डिशवॉशरमध्ये तापमान आणि वेळ प्रोग्राम ठरवतो, रसायन साबण देतो. जोर मात्र भांडी कशी रचली यावर ठरतो. साबण आणि उष्णता दोन्ही पाण्यातूनच पोचतात, म्हणून धारेच्या सावलीतल्या भांड्याला या तिन्ही गोष्टी एकदम कमी मिळतात. जास्त गरम प्रोग्राम लावून चुकीची मांडणी फारशी सावरत नाही ती यामुळेच.

ताटल्या उभ्या, तारेच्या खुंट्यांमध्ये, खरकटी बाजू जाळीच्या मध्याकडे. डाव्या अर्ध्यातल्या उजवीकडे तोंड करून, उजव्या अर्ध्यातल्या डावीकडे. खोलगट ताटली असेल तर एक खाच मोकळी सोडावी, कारण तिचा काठ पुढच्या ताटलीला टेकतो आणि टेकल्या जागी चंद्रकोरीसारखा डाग राहतो. असा डाग दिसला की साबण बदलू नका, अंतर वाढवा. दोन ताटल्यांमध्ये बोटभर जागा पुरते.

उंचीचा प्रश्न या यंत्रात दोन्हीकडून येतो. खाली जाळीतून काही लोंबलं तर स्प्रे आर्म अडतो, वर काही डोकावलं तर झाकण नीट बसत नाही आणि पाणी पाझरतं. मोठ्या ताटल्या तिरक्या बसवाव्यात किंवा खण जास्त खोल असेल तिथे ठेवाव्यात. सुरू करण्यापूर्वी जाळीखालचा आर्म बोटानं एक पूर्ण फेरा फिरवून पाहावा आणि खण हळू आत ढकलावा. काही घासल्याचा आवाज आला तर जोर न लावता परत उघडा.

सगळ्यात जास्त नुकसान पालथ्या पातेल्या-तव्यांनी होतं. २४ सेंटिमीटर व्यासाचा तवा आडवा ठेवला तर सुमारे ४५० चौरस सेंटिमीटर जागा झाकतो. जाळी ५० बाय ४५ सेंटिमीटरची धरली तर हा तिचा पाचवा हिस्सा झाला, आणि त्याच्या वर जे काही असेल ते धारेला मुकतं. तोच तवा ६० अंशांत उभा केला की सपाट तळाची सावली निम्मी होते. म्हणून खुंट्या आडव्या पाडून जागा करा, मोठं भांडं कडेला नेऊन तिरकं टेकवा, आतली बाजू खाली आणि मध्याकडे वळलेली ठेवा. वाडग्यांनाही हाच नियम. एकात एक बसलेले दोन वाडगे म्हणजे न धुतलेला एक वाडगा.

अमेरिकेच्या जोसेफिन कॉक्रेन यांना १८८६ साली भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं, त्यात भांड्यांच्या मापाचे तारेचे कप्पे होते आणि साबणाचं पाणी त्यांवर जोरानं पडत असे. प्रत्येक भांड्याला स्वतःची जागा देण्याचं ते तत्त्व अजून बदललेलं नाही.

कप आणि पेले कडेच्या दुमडत्या रॅकवर, तोंड खाली, थोडे कलते. सरळ पालथ्या कपाच्या बुडाच्या खळग्यात पाणी साठतं आणि त्यात साबणाचा अंश सुकून पांढरा डाग उरतो. काच काचेला टेकू देऊ नका. इथे एक जादा धोका आहे: खण ओढताना-ढकलताना आतली भांडी जडत्वामुळे मागे-पुढे होतात, त्यामुळे दिसायला सुरक्षित असलेले दोन पेले खण बंद होताना एकमेकांवर आपटतात. खण झटक्यानं कधीच बंद करू नये.

चमचे एकाच दिशेनं ठेवले की एकमेकांच्या कुशीत बसतात आणि मधल्या चिंचोळ्या फटीत धार शिरत नाही. काही दांड्याकडून, काही तोंडाकडून, मधे एखादा काटा, अशी सरमिसळ करावी. सुऱ्यांची टोकं खालीच. पण टोक टोपलीच्या जाळीतून खाली निघालं नाही ना, हे पाहा. स्प्रे आर्म अडण्याचं हे नेहमीचं कारण आहे. टकटक आवाज, किंवा जाळीचा एकच भाग स्वच्छ आणि बाकी खरकटा, ही त्याची खूण.

भांडी आधी नळाखाली चकाचक धुवायची गरज नाही. साबणातली प्रोटीएज आणि अमायलेज ही विकरं प्रथिनं आणि स्टार्च तोडण्यासाठीच असतात. घट्ट कण, बिया, हाडं, कागदाची लेबलं तेवढी काढून टाका, नाहीतर गाळणी तुंबते आणि खणातलं जेमतेम काही लिटर फिरतं पाणी लगेच गढूळ होतं. पाणी कमी म्हणून साबणही कमी लागतो. बाजारातली टॅबलेट बहुधा पूर्ण आकाराच्या यंत्राचा हिशेब धरून बनवलेली असते, म्हणून एका खणासाठी मोजून घालता येणारी पावडर मला जास्त योग्य वाटते. साबण जास्त झाला तर फेस होतो, पंप पाण्याबरोबर हवा ओढतो आणि धारेचा जोर पडतो. हाताने भांडी घासायचा द्रव साबण तर एक थेंबही नको.

दोन खण असतील तर वाटणी भांड्यांच्या प्रकारानं न करता मळाच्या प्रकारानं करावी. एकात तेलकट आणि करपलेली भांडी, गरम आणि लांब प्रोग्राम. दुसऱ्यात काच आणि हलका मळ, कमी तापमान. दोन्ही प्रकार एकत्र केले की काचेला नको तितकी उष्णता मिळते आणि कढईला हवी तितकी मिळत नाही.

शेवटच्या गरम पाण्यात तापलेली चिनी माती आणि काच आतली उष्णता वापरून स्वतःच सुकतात. प्लास्टिक हलकं असतं, उष्णता कमी साठवतं आणि लवकर थंड होतं, म्हणून ओलं राहतं. रिन्स एड, म्हणजे शेवटच्या पाण्यात मिसळणारा द्रव, पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, त्यामुळे थेंब न धरता पाणी पातळ थरात ओघळतं. हलके डबे कडेला, दोन खुंट्यांत अडकवून ठेवा. नाहीतर धारेनं उलटून ते पाण्यानं भरतात. भांडी काढताना मधल्या ताटल्या आधी काढा, कडेचे कप नंतर, म्हणजे बुडात साठलेलं पाणी सुकलेल्या ताटल्यांवर सांडत नाही.