लेखकाचा ॲटिट्यूड ओळखा : हा प्रश्न आला कुठून

इंग्रजी पॅसेजखाली एक प्रश्न बऱ्याचदा असतो, लेखकाचा ॲटिट्यूड काय आहे किंवा टोन काय आहे, आणि खाली चार-पाच शब्द दिलेले. मी स्पर्धा परीक्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवते, जास्त करून मराठी मीडियममधून आलेल्यांना, आणि या एका प्रश्नाने मला जेवढं अस्वस्थ केलंय तेवढं ग्रामरने कधीच नाही केलं. एक प्रसंग सांगते, मग इतिहासाकडे येते. पॅसेज होता एका सरकारी योजनेवर, लेखक म्हणतोय योजना चांगली आहे पण पैसा वेळेत पोचला तर, गावातली माणसं सोबत घेतली तर, वगैरे. मी बॅचमधल्या एका मुलाला म्हटलं मराठीत सांग, लेखकाला काय वाटतं. तो पटकन म्हणाला, "मॅडम, पटतंय त्याला, पण हातचं राखून बोलतोय." याहून अचूक उत्तर मला देता आलं नसतं. आणि पेपरवर त्याने 'क्वालिफाइड ॲप्रूव्हल', म्हणजे अटींसह पसंती, हा बरोबर ऑप्शन सोडून दिला होता, कारण क्वालिफाइड म्हणजे डिग्री असलेला, शिकलेला, एवढंच त्याला माहीत होतं.

म्हणजे वाचन बरोबर, माणूस ओळखला बरोबर, आणि मार्क गेला. त्या दिवसापासून मी शोधत बसले की हा प्रश्न मुळात कुणी आणि कशासाठी काढला.

याची मुळं दोन, आणि दोन्ही एकमेकांपासून खूप लांबची. पहिलं अमेरिकेतलं. १९१२ साली डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट या दोघांनी एक साधा प्रयोग केला, इंग्रजीचे तेच दोन उत्तरपेपर शंभरावर शिक्षकांकडे पाठवले आणि मार्क द्यायला सांगितलं. पहिल्या पेपरला कुणी ६४ दिले कुणी ९८. दुसरा पेपर ५० पासून ९७ पर्यंत फिरला. शिक्षकाच्या मार्कांवर भरवसा ठेवायचा कसा असा मोठा प्रश्न उभा राहिला, आणि तो खराच होता, ज्याने पेपर तपासलेत त्याला माहीत आहे की पहिल्या गठ्ठ्याला आणि शेवटच्या गठ्ठ्याला आपला हात सारखा चालत नाही. त्यावर कॅन्ससमधल्या फ्रेडरिक केली यांनी १९१४-१५ च्या सुमाराला मूकवाचनाची एक टेस्ट बनवली, ज्यात उत्तर लिहायचंच नाही, दिलेल्यातून निवडायचं. त्यातला एक प्रश्न असा, चार प्राण्यांची नावं दिलीत, गाय, वाघ, उंदीर, लांडगा, शेतावर उपयोगी असेल त्याभोवती रेघ काढा. पूर्ण टेस्टला वेळ पाच मिनिटं. आज आपण ज्याला एमसीक्यू म्हणतो त्याचा हा अगदी सुरुवातीचा अवतार. बघा, गायीबद्दल दोन तपासणाऱ्यांचं दुमत होणारच नाही, पद्धत जन्मली ती अशा प्रश्नांसाठी.

१९१७ मध्ये कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजमधल्या एडवर्ड थॉर्नडाइक यांनी वाचनावर एक निबंध लिहिला, तो मला आजही फार जवळचा वाटतो. त्यांनी शाळकरी मुलांना एक छोटा परिच्छेद दिला, फ्रँकलिन नावाच्या गावात सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेत जाणं सक्तीचं आहे, अपवाद फक्त मूल आजारी असेल, घरात कुणाला संसर्गाचा आजार असेल किंवा रस्ते बंद असतील तर. मग त्यावर प्रश्न. चुकीची उत्तरं त्यांनी फेकून नाही दिली, ती मांडून बसले आणि मूल नेमकं कुठे घसरलं ते बघितलं. निघालं असं की मुलाला शब्द येत नाहीत असं दर वेळी नसतं, एखादा शब्द मनात इतका मोठा होतो की बाकीचे त्याखाली दबून जातात. पॅरेग्राफ समजणं हे गणित सोडवण्यासारखं आहे, योग्य गोष्टी निवडायच्या, प्रत्येकीला तिचं वजन द्यायचं आणि त्यांचा मेळ घालायचा, असं त्यांचं म्हणणं. पण इथेही लेखकाच्या मनाचा प्रश्न अजून नाहीच. गावाचा नियम सांगणाऱ्या परिच्छेदात कुठला आलाय ॲटिट्यूड.

दुसरं मूळ इंग्लंडमधलं, केंब्रिजचं. आय. ए. रिचर्ड्स तिथे शिकवायचे. त्यांनी विद्यार्थ्यांना कविता वाटल्या पण कवीचं नाव काढून, आणि सांगितलं घरी न्या, पाहिजे तितक्यांदा वाचा, जे वाटेल ते लिहून आणा. अशा तेरा कवितांवरचे अभिप्राय घेऊन १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हे पुस्तक आलं. मुलं साधीसुधी नव्हती, बरीचशी इंग्रजी ऑनर्सचीच होती, तरी नाव झाकल्यावर त्यांची जी त्रेधा उडाली ती त्या पुस्तकात पानोपानी आहे. डी. एच. लॉरेन्स यांची एक कविता त्यात होती, एक बाई गातेय, ते ऐकून माणसाला लहानपण आठवतं, पियानोखाली बसलेलं पोर आणि वर वाजवणारी आई. कितीतरी विद्यार्थ्यांनी शेरा मारला की हे रडगाणं आहे, नुसता भावनांचा चिखल. पण कवितेतला माणूस त्या आठवणीला स्वतःच विरोध करतोय, मला नको असताना हे गाणं मला मागे ओढतंय असं तो स्पष्ट म्हणतो, तेच वाचकांच्या हातून निसटलं. लेखकाचा ॲटिट्यूड चुकीचा ओळखण्याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

याच पुस्तकात रिचर्ड्स यांनी अर्थाचे चार भाग केले. काय सांगितलंय तो एक, ज्याबद्दल सांगितलंय त्याविषयी लेखकाला काय वाटतं तो दुसरा, त्याला ते 'फीलिंग' म्हणतात. तिसरा 'टोन', म्हणजे ऐकणाऱ्याशी लेखक कसा वागतो, त्याला बरोबरीचा समजतो की लहान, समजावतो की सुनावतो. आणि चौथा हेतू. आता आजची कुठलीही गाइड उघडा, टोन म्हणजे विषयाबद्दल लेखकाची भावना असं छापलेलं असतं. रिचर्ड्स यांच्या हिशोबात ते फीलिंग झालं, टोन नव्हेच. मराठी माणसाला हा फरक कुणी शिकवावा लागत नाही खरं तर. "फार शहाणा आहेस हो" हे वाक्य आजी नातवाला जवळ घेऊन म्हणते आणि तेच वाक्य साहेब कारकुनाला म्हणतो, शब्द तेच, शहाणपण हा विषयही तोच, बदललं ते समोरच्याशी असलेलं नातं. आपण 'जाते' आणि 'येते' यातलाही फरक ऐकून ओळखतो, घरातून निघताना कुणी 'जाते' म्हटलं तर आई लगेच 'येते म्हणावं' असं सांगते.

फीलिंग आणि टोन हे दोन भाग एका शब्दात कधी गेले? मला वाटतं १९३८ ला. त्या वर्षी क्लिंथ ब्रूक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन या लुइझियानात शिकवणाऱ्या दोघांचं कविता शिकवण्याचं पाठ्यपुस्तक आलं, त्यात टोन आणि ॲटिट्यूड असा एक वेगळा विभागच होता. विषयाबद्दलची आणि श्रोत्याबद्दलची अशी बोलणाऱ्याची दोन्ही नाती त्यांनी टोन या एकाच शब्दात बसवली. पुस्तक अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये प्रचंड चाललं आणि शिक्षकांच्या दोन पिढ्या त्यावर घडल्या, मग हेच शब्द शाळेत आणि पेपरात उतरणं ओघानंच आलं. योगायोग बघा, १९३८ मध्येच आयबीएमचं ८०५ नावाचं मशीन आलं, पेन्सिलच्या खुणेतल्या ग्राफाइटमधून वीज जाते ती मोजून उत्तरपत्रिका तपासणारं.

तोपर्यंत मोठ्या परीक्षांची सवय झालेलीच होती. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात सतरा लाखांच्या आसपास जवानांच्या अशा टेस्ट घेतल्या होत्या, त्या कामातले कार्ल ब्रिगहॅम यांनी पुढे एसएटी ही कॉलेज प्रवेशाची परीक्षा बनवली, २३ जून १९२६ ला ती पहिल्यांदा झाली, आठ हजारांच्या आसपास मुलं बसली. लाखोंच्या संख्येने पेपर तपासायचे तर उत्तर एकच पाहिजे, वाद नको. आणि रिचर्ड्स यांना तर वादच बघायचा होता, वेगवेगळे वाचक वेगवेगळं का वाचतात हाच त्यांचा अभ्यास. म्हणजे प्रश्न आला केंब्रिजच्या मोकळ्या कागदावरून आणि जाऊन बसला कॅन्ससच्या गायीच्या शेजारी. माझं स्पष्ट मत आहे की आजचा सगळा घोळ या एका जोडणीतून आलाय.

वाचनाच्या परीक्षांचा अभ्यास करणारे फ्रेडरिक डेव्हिस यांचं काम इथे महत्त्वाचं आहे. वाचनाचं कौशल्य एक आहे की अनेक, हे त्यांना मोजून बघायचं होतं. १९४४ च्या त्यांच्या पेपरमध्ये नऊ कौशल्यांची यादी आहे, त्यात लेखकाचा हेतू आणि दृष्टिकोन ओळखणं एक, पॅसेजचा टोन आणि मूड ओळखणं आणखी एक. १९६८ मध्ये त्यांनी परत अभ्यास केला तेव्हा हेतू, ॲटिट्यूड, टोन, मूड हे सगळं एकाच कौशल्यात घातलं. पण पहिल्या अभ्यासात मोजल्यावर सगळ्यात ठळक काय निघालं, तर शब्दांचं ज्ञान, आणि त्यानंतर वाचताना विचार करता येणं. बाकीची कौशल्यं त्यापुढे फिकी. १९४६ मध्ये एल. एल. थर्स्टन यांनी डेव्हिस यांचेच आकडे परत तपासले आणि म्हणाले, नऊ कुठली, एकाच घटकाने सगळं भागतंय. हा वाद पुढे बरीच वर्षं चालला. मला त्यातून एवढं दिसतं की ज्याचे शब्द पक्के त्याचा टोनही बरोबर येतो असं त्या काळातच आकड्यांत दिसत होतं. माझ्या बॅचमधल्या त्या मुलाची गोष्ट म्हणजे तेच.

त्याच १९४६ साली विम्सॅट आणि बिअर्ड्सली या दोन अमेरिकन अभ्यासकांनी मांडलं की साहित्य तोलताना लेखकाच्या मनात काय होतं हे माप धरायचंच नाही. म्हणजे वरच्या वर्गात प्रोफेसर सांगतायत लेखकाचं मन बाजूला ठेवा आणि खालच्या मजल्यावर पेपर विचारतोय लेखकाला काय वाटतं! यातून वाट एकच, पुरावा पानावर पाहिजे. विशेषण कुठलं वापरलं, 'पण' कुठे आला, 'तथाकथित' म्हटलं का. टेस्ट बनवणाऱ्यांनी ही शिस्त बऱ्यापैकी पाळली हे मान्य करायला हवं. आयईएल्टीएस ही इंग्रजी किती येतं ते बघणारी परीक्षा १९८९ पासून आहे, तिच्यात लेखकाच्या मतांबद्दल हो, नाही आणि 'नॉट गिव्हन' असे तीन पर्याय असतात, तो तिसरा पर्याय मला फार प्रामाणिक वाटतो.

मग आला कोचिंगचा काळ. १९७९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायदा केला की परीक्षा झाल्यावर प्रश्न आणि उत्तरं जाहीर करायची. खरे पेपर हातात आले आणि कोचिंगवाल्यांनी त्यांची चाल ओळखली. १९८५ मध्ये डेव्हिड ओवेन या पत्रकाराने एसएटीवर एक पुस्तक लिहिलं, त्यात हे सगळं आहे. अल्पसंख्याकांवरचा पॅसेज असेल तर टोन आदराचाच असणार, फार टोकाचे शब्द असतील ते ऑप्शन खोडा, लेखकाला काही देणंघेणं नाही असा अर्थ असलेला ऑप्शनही खोडा, कारण देणंघेणं नसतं तर त्याने लिहिलं कशाला. पॅसेज न वाचताच अर्धं काम. याच युक्त्या फिरत फिरत आपल्याकडे आल्या आणि आजही 'एक्स्ट्रीम ऑप्शन उडव' हे पुण्यातल्या अभ्यासिकेत पण ऐकू येतं. सोबत बॅरन्स या गाइड छापणाऱ्या प्रकाशनाची साडेतीन हजार शब्दांची यादी आली, जीआरई म्हणजे परदेशात पुढचं शिकायला लागणारी परीक्षा देणाऱ्यांनी पाठ केलेली.

पुढे एसएटीतून विरुद्धार्थी शब्द १९९४ ला गेले, ॲनालॉजी म्हणजे शब्दांच्या जोड्या जुळवणं २००५ ला, जीआरईतूनही दोन्ही २०११ ला गेले. सुटे शब्द विचारणं कमी झालं, पण ॲटिट्यूडच्या ऑप्शनमध्ये ते शब्द तसेच राहिले. सार्डॉनिक, ॲम्बिव्हलंट, डिस्पॅशनेट. आपल्या मुलांची जास्त फसगत ओळखीच्या शब्दांनी होते. 'क्रिटिकल' म्हटलं की पेशंट क्रिटिकल आहे हेच डोक्यात, टीका करणारा हे सुचत नाही. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे रस नसलेला असं वाटतं, परीक्षेत बहुतेक वेळा तो निःपक्षपाती असतो. मराठीत याच छटांना खोचक, तिरकस, साशंक, अलिप्त, कौतुकाचा असे एकाहून एक शब्द आहेत आणि मुलं ते रोज वापरतात.

आपल्याकडे हा विषय पेटला तो २०११ नंतर. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत सीसॅट हा कल तपासणारा पेपर आला, त्यात आकलनाचे उतारे. पेपर हिंदी आणि इंग्रजीतच, मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते पण हा पेपर नाही, म्हणजे मराठी मुलाला दोन परक्या पर्यायांतला एक निवडायचा. २०१४ मध्ये दिल्लीत मोठं आंदोलन झालं, त्या वर्षी इंग्रजी आकलनाचे मार्क मेरिटमध्ये धरले नाहीत, आणि २०१५ पासून अख्खा सीसॅट ३३ टक्क्यांपुरता पात्रतेचा केला. एमपीएससीने २०१३ मध्ये सीसॅट आणला, नंतर तोही पात्रतेपुरता झाला. तिथे उतारे मराठीत वाचता येतात, आणि माझ्या अनुभवात तीच मुलं मराठी उताऱ्यात लेखक काय म्हणतोय ते कितीतरी चटकन पकडतात. हेही लक्षात घ्या की आपल्या राज्यात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० मध्ये, सीसॅटच्या पहिल्या काही वर्षांत बसलेली मराठी मीडियमची मुलं पाचवीपासून इंग्रजी शिकलेली.

आता परीक्षाही बदलतायत. एमबीए प्रवेशाच्या कॅटमध्ये हल्ली एका शब्दातला टोन क्वचित येतो, त्याऐवजी लेखक खालीलपैकी कुठल्या विधानाशी सहमत नसेल असं विचारतात, ऑप्शन पूर्ण वाक्यांचे. मला हे बरं वाटतं, एका अवघड शब्दावर सगळं लटकत नाही. डिजिटल एसएटीत २०२३ पासून (अमेरिकेत २०२४ पासून) तर पॅसेजच १५० शब्दांच्या आत आणि त्याखाली एकच प्रश्न. एवढ्याशा तुकड्यात लेखकाची चाहूल लागायला फार जागा उरत नाही.

मी बॅचमध्ये सध्या ऑप्शन झाकून ठेवते. पॅसेज वाचायचा, लेखकाचा सूर मराठीत एका ओळीत वहीत लिहायचा, कुठल्या शब्दावरून वाटलं त्याखाली रेघ मारायची, मग ऑप्शन उघडायचे. वह्या गोळा केल्या की तीस मुलांच्या तीस ओळी असतात, आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून वाचायला अर्धा तास जातो, तो मी देते. तो हातचं राखून बोलणाऱ्या लेखकाचा पॅसेज दर बॅचला पहिल्या आठवड्यात लावते.