मुरूम की केसांच्या मुळातली बुरशी?

पावसाळ्यात भाच्याच्या कपाळावर बारीक पुळ्या उठल्या. वय 19, त्यामुळे घरात कुणालाच शंका आली नाही. मुरूमच असणार! आधी मेडिकलमधून मलम आलं, मग ओळखीच्या डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात पुळ्या छातीवर आणि पाठीवर उतरल्या. औषध लागू पडत नाही, असं सगळे म्हणत होते. खरं तर ते लागू पडत होतं, पण भलत्याच्याच फायद्याचं ठरत होतं.

मुरूम हे मुळात तुंबण्याचं दुखणं. केसाच्या मुळाला लागून तेलाची ग्रंथी असते. वयात येताना ती जास्त तेल सोडायला लागते आणि नळीच्या तोंडाशी मेलेल्या पेशींचं बूच बसतं. बूच उघडं राहिलं तर काळा ठिपका दिसतो, कातडीखाली झाकलं गेलं तर पांढरा दाणा. मागे साचलेल्या तेलात एक जिवाणू वाढतो, सूज येते, पुळी लाल होऊन ठणकते. म्हणून मुरमांच्या चेहऱ्यावर सगळी सरमिसळ असते. काळे ठिपके, पांढरे दाणे, एखादी मोठी गाठ, जुने डाग.

दुसरं दुखणं दिसतं तसंच, पण त्यात बूच नसतं. आपल्याकडे केसाच्या मुळाशी आलेल्या फोडाला केसतूड म्हणतात. डॉक्टर केसाच्या मुळाच्या सुजेला फॉलिक्युलायटिस म्हणतात. केसतूड बहुधा जिवाणूंमुळे होतं. इथे मात्र सूज आणते मॅलासेझिया नावाची यीस्ट, म्हणजे सूक्ष्म बुरशी. ती बाहेरून आलेली नसते, जवळपास प्रत्येक मोठ्या माणसाच्या कातडीवर मुक्कामाला असते. डोक्यातल्या कोंड्यात तिचा हात असतो, आणि पाठीवरची शिबं तिचीच. तिला स्वतःपुरती मेदाम्लं बनवता येत नाहीत, ती आपल्या कातडीच्या तेलावर जगते. त्यामुळे तेल आणि घाम जिथे जास्त तिथे तिची वस्ती: कपाळ, छाती, खांदे, पाठीचा वरचा भाग.

ओळखायचं कसं? सगळ्यात बोलकी खूण म्हणजे खाज. मुरूम दुखतो, हुळहुळतो, पण त्याला सहसा अशी खाज नसते. बुरशीच्या पुळ्या खाजतात, आणि घाम आला की जास्तच. दुसरी खूण म्हणजे त्या एकाच मापाच्या असतात, मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या, जणू कुणी मोहरी उधळली आहे. काळे-पांढरे दाणे त्यांच्यात शोधून सापडत नाहीत. एकेक खूण फसवी ठरू शकते, पण तिन्ही एकत्र दिसल्या तर मुरमांच्या मलमावर आणखी पैसे घालवण्याआधी त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

आता त्या डॉक्सिसायक्लिनबद्दल. प्रतिजैविक जिवाणू मारतं, बुरशीला त्याचा काही त्रास नाही. उलट शेजारचे जिवाणू कमी झाले की तिला मोकळं रान मिळतं. 1969 साली वैद्यकीय नियतकालिकात या दुखण्याचं वर्णन आलं तेच मुळी प्रतिजैविकं घेतल्यावर उठलेल्या, मुरमांसारख्या पुळ्यांचं होतं. म्हणजे गोळ्यांनी मुरूम वाढले असं वाटलं, तर आधी ते मुरूम होते का, हे विचारायला हवं.

स्टिरॉइडच्या मलमांचं तर विचारूच नका. खाज आहे म्हणून कुणीतरी आपली ट्यूब देतं, दोन दिवस लाली बसते, आणि मग कातडीची राखण ढिली पडल्यामुळे बुरशी आणखी फोफावते. 2018 पासून अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कागदावर. घामाच्या दिवसांत पाठीला खोबरेल चोळणंही इथे नको, आणि व्यायामानंतरचा ओला टीशर्ट अंगावर तासभर वाळू देणं तर अजिबात नको.

उपचार एकमेकांपासून फार वेगळे आहेत. मुरमांना बूच सैल करणारं अॅडापॅलीन आणि जिवाणू मारणारं बेन्झॉइल पेरॉक्साइड (टॉवेलचा रंग उडतो, पांढरा वापरा). बुरशीला कीटोकोनॅझोलचा 2 टक्के शाम्पू, तोही डोक्याला नाही तर छाती-पाठीला, पाचेक मिनिटं ठेवून धुवायचा. पण बुरशी केसाच्या नळीत खोल असल्याने नुसतं वरून लावून नेहमी भागत नाही. मग डॉक्टर इट्राकोनॅझोल किंवा फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या देतात. त्या मनाने घेऊ नयेत. यकृतावर त्यांचा परिणाम होऊ शकतो आणि इतर बऱ्याच औषधांशी त्यांचं जमत नाही. फोड मोठा, गरम, ठणकणारा असेल, ताप असेल किंवा मधुमेह असेल, तर मात्र हा सगळा विचार बाजूला ठेवून लगेच दाखवावं. ते जिवाणूंचं काम असू शकतं.

भाच्याच्या डॉक्टरीणबाईंनी एक पुळी खरवडली, काचेवर कातडीच्या पेशी विरघळवणारं थेंबभर पोटॅश घातलं आणि सूक्ष्मदर्शक त्याच्याकडे वळवला. गोल गोल पेशी, काहींना कोंब फुटलेले. हीच ती यीस्ट. डॉक्सिसायक्लिन बंद झालं, गोळ्या आणि शाम्पू सुरू. महिन्याभरात कपाळ आणि पाठ साफ झाली, खाज त्याच्या कितीतरी आधी गेली. ही बुरशी अंगावर राहणारच, त्यामुळे दमट दिवसांत आठवड्यातून एकदा शाम्पू चालू ठेवायचाय.

हनुवटीवरचे चार-पाच काळे ठिपके मात्र जागचे हलले नाहीत. ते खरोखरच मुरूम होते. दोन्ही दुखणी एकाच चेहऱ्यावर नांदतात, आणि ते अपवादाने घडतं असंही नाही. ठिपक्यांसाठी आता तो रात्री अॅडापॅलीन लावतो, फक्त हनुवटीला.