टायटॅनियमवरची बायोग्लास का सुटत होती : एका लेपाची पार्श्वभूमी

1969 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी हाडाशी थेट जोडली जाणारी काच तयार केली. वजनाने 45 टक्के सिलिका, सोडियम ऑक्साइड आणि कॅल्शियम ऑक्साइड प्रत्येकी 24.5 टक्के, फॉस्फरस पेंटॉक्साइड 6 टक्के. हीच ती 45एस5, म्हणजेच बायोग्लास. शरीरद्रवात तिच्यावर हाडातल्या खनिजासारखा अ‍ॅपेटाइटचा थर चढतो आणि हाड तिथे पकड घेतं. पण काच ठिसूळ, खुब्याच्या सांध्याचा दांडा काही तिचा करता येत नाही. म्हणून भार धातूने पेलायचा आणि काचेचा फक्त लेप द्यायचा, असं ठरलं.

घोडं अडलं ते प्रसरणावर. एक अंश सेल्सिअस तापमान वाढलं की 45एस5 मीटरमागे साधारण 15 मायक्रोमीटर वाढते, तर इम्प्लांटसाठी वापरला जाणारा टायटॅनियमचा मिश्रधातू (6 टक्के अ‍ॅल्युमिनियम, 4 टक्के व्हॅनेडियम) जेमतेम साडेनऊ. भट्टीतून काढल्यावर काच जास्त आकसू पाहते, धातू तिला आकसू देत नाही. काच घट्ट झाल्यानंतरची 500 अंशांची घसरण आणि 35 गिगापास्कल यंग गुणांक (काचेच्या ताठपणाचं माप) धरला, तर ढोबळ हिशेबानेही 95 मेगापास्कलचा ताण येतो. ही काच 40 च्या आसपासच तुटते. मग धातू कितीही खरबरीत करा, भेगा पडणारच. स्टेनलेस स्टीलचं प्रसरण 16-17, म्हणजे बरंच जुळणारं. पण तिथे लोह आणि क्रोमियम वितळलेल्या काचेत उतरतात आणि तिची जैवसक्रियता, म्हणजे हाडाशी जोडली जाण्याचा गुण, मारतात.

सिलिका वाढवली की प्रसरण उतरतं. मात्र ती 60 टक्क्यांच्या पुढे गेली की अ‍ॅपेटाइट बनणं थांबतं. लेप चिकटण्यातला खरा पेच हा आहे.

1990 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत अँटोनी टॉम्सिया, एदुआर्दो सैझ आणि सहकाऱ्यांनी थोड्या सोडियमच्या जागी पोटॅशियम आणि थोड्या कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम घातलं. सिलिका 57 टक्क्यांच्या आसपास ठेवलेल्या 6पी57 या काचेचं प्रसरण 11 च्या आत आलं. 20 मायक्रोमीटरपेक्षा बारीक भुकटी इथेनॉलमध्ये कालवून धातूवर सोडायची, वाळवायची, दातांच्या प्रयोगशाळेतल्या छोट्या भट्टीत 800 अंशांच्या आसपास भाजायची. तेही मिनिटभराच्या आत. टायटॅनियम सिलिकातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि काच-धातूच्या सांध्यावर टायटॅनियम सिलिसाइडचा नॅनोमीटरच्या मापाचा थर बनतो, पकड त्याचीच. वेळ कमी पडली तर तो बनत नाही. जास्त झाली तर थर जाडावतो, वायूचे बुडबुडे अडकतात आणि लेप पापुद्र्यासारखा सुटतो. ही भाजणी जमली की टोकदार दाबाने पाडलेली भेगसुद्धा सांध्यावरून धावत नाही.

कोरड्या तुकड्यावरचा हा निकाल अर्धवटच म्हणायचा, कारण ही काच शरीरात विरघळण्यासाठीच आहे. म्हणून त्याच गटाने पुढे थर वाटून घेतले : धातूलगत जास्त सिलिकाची, न झिजणारी काच आणि बाहेरच्या पृष्ठभागात रुतवलेले 45एस5 किंवा हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचे कण.