डास सोडायचे, पण कशासाठी? वोल्बाकियाचे दोन उलटे उपयोग

डेंग्यू आटोक्यात आणण्यासाठी डास सोडणार, अशी बातमी आली की 'चांगले डास', 'वांझ डास', 'डेंग्यूरोधक डास' हे शब्द बिनदिक्कत एकमेकांच्या जागी वापरले जातात. प्रत्यक्षात त्यामागे दोन वेगळ्या योजना असतात आणि त्यांची उद्दिष्टं परस्परविरोधी आहेत. एका योजनेत गावातले डास राहू द्यायचे, फक्त त्यांच्या अंगात विषाणू वाढू द्यायचा नाही. दुसरीत डासच संपवायचे. गोंधळ होतो, कारण दोन्हीकडे वापरला जातो तो एकच जिवाणू, वोल्बाकिया.

हा फरक समजून घ्यायला डासांवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ झीयोंग शी यांच्या कारकिर्दीइतकी चांगली वाट मला दुसरी दिसत नाही, कारण ते या दोन्ही बाजूंना काम करून आले आहेत. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठात असताना त्यांनी आशियाई टायगर डासातला, म्हणजे एडिस अल्बोपिक्टसमधला वोल्बाकिया काढून एडिस इजिप्तीच्या अंड्यांत टोचला. डेंग्यूचा मुख्य वाहक असलेल्या एडिस इजिप्तीत हा जिवाणू निसर्गतः आढळत नाही. २००५ साली त्यांनी दाखवून दिलं की तो तिथे टिकतो आणि पिंजऱ्यातल्या डासांत काही पिढ्यांतच सगळीकडे पसरतो.

तो पसरतो कसा, हे नीट लक्षात घ्यायला हवं, कारण दोन्ही योजना याच एका नियमावर उभ्या आहेत. वोल्बाकिया आईकडून अंड्यांत उतरतो. वोल्बाकिया असलेल्या मादीचं मीलन जिवाणू नसलेल्या किंवा त्याच प्रकारचा जिवाणू असलेल्या नराशी झालं तरी पिल्लं जगतात आणि जिवाणू घेऊन जन्मतात. उलट, वोल्बाकिया असलेला नर आणि तो प्रकार अंगात नसलेली मादी एकत्र आली, तर अंडी उबतच नाहीत. म्हणजे नर आणि माद्या दोन्ही सोडल्या, तर जिवाणूवाल्या माद्यांचा वंश वाढत जातो आणि काही महिन्यांत गावातले बहुतेक डास तसेच होतात. फक्त नर सोडले, तर गावातल्या माद्यांची अंडी वाया जातात आणि डास कमी होतात. योजना बदलते ती इथे: पेटीत माद्या आहेत की नाहीत, यावर.

पहिल्या योजनेचा फायदा डासाच्या प्रतिकारशक्तीशी जोडलेला आहे. डासाला आपल्यासारखी प्रतिपिंडं नसतात, पण जन्मजात संरक्षण असतं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज डिमोपोलस यांच्यासोबत काम करताना शी यांनी २००८ साली दाखवलं की एडिस इजिप्तीत डेंग्यूच्या विषाणूला आवर घालण्यात 'टोल' नावाच्या संरक्षणमार्गाचा मोठा वाटा आहे. पुढे मिशिगनमधल्या त्यांच्या प्रयोगशाळेतून २०१२ साली आलेल्या अभ्यासात असं दिसलं की वोल्बाकिया शिरल्यावर हाच मार्ग जागा होतो. मात्र एवढ्यावर 'वोल्बाकिया ही डासाची लस' असं म्हणणं चूक ठरेल. फळमाश्यांत अशी जाग न येताही विषाणू अडतो. पेशीतल्या कोलेस्टेरॉलसारख्या गोष्टींवरून जिवाणू आणि विषाणूत होणारी स्पर्धाही त्यात असावी असं मानलं जातं. शिवाय टायगर डासात जन्मतःच वोल्बाकिया असतो, तरी २०१४ साली चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात त्याच डासाने डेंग्यूची प्रचंड साथ पसरवली. कोणता प्रकार आहे, कोणत्या डासात आहे आणि किती दाट आहे, यावर सगळं ठरतं.

या योजनेचा सर्वात भक्कम पुरावा इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरातला आहे. फळमाशीतून घेतलेल्या वोल्बाकियाचे डास सोडलेल्या भागांत डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी झाला. हे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. डासांची संख्या कमी करणं हा तिथे हेतूच नव्हता.

शी यांचं नंतरचं मोठं काम मात्र दुसऱ्या बाजूचं. चीनमधल्या ग्वांगझूमध्ये त्यांनी टायगर डासात मुळात असलेल्या वोल्बाकियाच्या दोन प्रकारांच्या जोडीला क्युलेक्स नावाच्या वेगळ्या डासातला तिसरा प्रकार घातला, जो तिथल्या माद्यांत नव्हता, आणि नदीतल्या दोन बेटांवर लाखो नर सोडले. इथे सगळ्यात नाजूक प्रश्न येतो. नर आणि माद्या वेगळे करतात ते कोषाच्या आकारावरून, मादीचा कोष मोठा असतो म्हणून. पण कारखान्याच्या प्रमाणावर काम चालतं तेव्हा थोड्या माद्या चुकून राहतातच. त्यांनी बाहेर पडून अंडी घातली, तर हळूहळू सगळे डास तोच जिवाणू घेऊन फिरू लागतील आणि सोडलेल्या नरांचा काहीही उपयोग उरणार नाही. म्हणजे दुसरी योजना नकळत पहिलीत बदलेल! म्हणून कोषांना किरणोत्साराची सौम्य मात्रा दिली: नर तगडे राहतात, राहिलेल्या माद्या वांझ होतात. २०१९ साली छापून आलेल्या निकालानुसार त्या बेटांवरचे डास जवळजवळ संपले होते. सिंगापूरही २०१६ पासून फक्त नर सोडतं. पण शेजारून डास येत राहतात, त्यामुळे सोडणं थांबवता येत नाही; पहिल्या योजनेत जिवाणू एकदा स्थिरावला की तो स्वतःच टिकतो.

जालना जिल्ह्यातल्या दावलवाडीत २०१७ साली पिंजऱ्यांत तपासलेले डास या दोन्हींतले नव्हेत. ते जनुकबदल केलेले होते आणि त्यांचा वोल्बाकियाशी संबंध नव्हता.

नागरिकांच्या दृष्टीने फरक रोजचा आहे. नर चावत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या योजनेत चावे वाढत नाहीत. पहिल्या योजनेत माद्याही सोडतात, म्हणून सुरुवातीला डास जास्त चावतात आणि लोकांना ते आधी सांगावंच लागतं. तिथे धूरफवारणी तर सरळ नडते. रिओ दि जानेरोच्या तुबियाकांगा भागात सोडलेल्या डासांवर कीटकनाशक चाले, स्थानिक डास मात्र त्याला सरावलेले होते. पहिला प्रयत्न फसला. कीटकनाशकाला दाद न देणारे डास तयार करून सोडल्यावरच जिवाणू टिकला.

रोग पसरवणाऱ्या कीटकांवर संशोधन करणाऱ्या पुद्दुचेरीच्या व्हीसीआरसी संस्थेने २०२२ साली एडिस इजिप्तीचे वोल्बाकियायुक्त वाण तयार केल्याचं जाहीर केलं. त्यांत फळमाशीचा प्रकारही आहे आणि टायगर डासाचाही. ही निवड आपल्याकडे महत्त्वाची आहे. उन्हात तापलेल्या पाण्यात अळ्या वाढल्या की फळमाशीचा प्रकार डासाच्या अंगातून विरळ होत जातो. टायगर डासाचा प्रकार उष्णता जास्त सोसतो, आणि क्वालालंपूरमध्ये तोच वापरला गेला. विदर्भातल्या मे महिन्यात गच्चीवर पडलेल्या टायरातलं पाणी किती तापतं, हे ज्याला माहीत आहे त्याने असा प्रस्ताव आला तर दोन प्रश्न आधी विचारावेत: माद्या सोडणार का, आणि वोल्बाकिया कोणता?